घर न सोडता स्वतंत्र? 'आयदान'च्या निमित्ताने काही विचार



वाचनालयाने आम्हाला पेणला बोलावलं, त्याबद्दल आधी आभार मानतो. 'मराठी साहित्यातील शिकलेली स्त्री' असा विषय तुम्ही दिला होता. तो तासाभरात मावणारा नाही. म्हणून आम्ही तो एका प्रश्नापुरता लहान करून घेतला आहे. आणि प्रामाणिकपणे सांगायचं, तर तो प्रश्नही आमचा नाही. तो आम्हाला एका मुलीने विचारला.

गेल्या वर्षी रोह्याला असंच एक व्याख्यान झालं. जब्बार पटेल यांच्या 'उंबरठा' या १९८२ सालच्या चित्रपटावर आम्ही बोललो. व्याख्यान बरं झालं, टाळ्या वगैरे झाल्या. नंतर चहा चालला होता, तेव्हा एक पंचविशीची मुलगी जवळ आली. रसायनशास्त्रात एम.एस्सी., धाटावच्या औद्योगिक वसाहतीत नोकरी, घर जवळच्याच गावात, घरात दहा माणसं. ती म्हणाली, "सर, सुलभा घर सोडून गेली. मला जायचं नाहीये. माझी आजी आहे तिथे, शेत आहे, माणसं आहेत. मग मी स्वतंत्र नाहीच का?"

मंडळी, पस्तीस वर्षं आम्ही तत्त्वज्ञान शिकवलं. स्वायत्ततेवर कांट शिकवला, स्त्रियांच्या दास्यावरचा मिल शिकवला. पण त्या मुलीला उत्तर देता आलं नाही. "विचार करून सांगतो" म्हणालो आणि चहा संपवला. आज जे बोलणार आहोत, तो तो विचार आहे. आम्ही 'आम्ही' म्हणतो, त्यात एकटे आम्ही नाही हेही आधीच सांगून ठेवतो. आमच्या वयाचे, आमच्यासारखे शिकवणारे, समीक्षा लिहिणारे, आणि आपापल्या घरातले थोरले भाऊ, हे सगळे त्यात आले.

आता उत्तर का देता आलं नाही, ते पाहू. आमच्या वाङ्मयाने आम्हाला शिकलेल्या स्त्रीचं स्वातंत्र्य मोजायची एकच फूटपट्टी दिली. ती फूटपट्टी म्हणजे दार. बाई दाराबाहेर पडली का? पडली तर स्वतंत्र, नाही पडली तर बिचारी. इब्सेनची नोरा १८७९ साली दार लावून निघून गेली, त्याचा आवाज आपल्याकडच्या समीक्षकांच्या कानांत अजून आहे.

पण मागे जाऊन जरा नीट बघू या. हरिभाऊ आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी १८९० पासून 'करमणूक'मध्ये क्रमशः येत होती. तिच्यातली यमू शिकते. कोण शिकवतं? नवरा. मुंबईला बिऱ्हाड करते, मोकळा श्वास घेते. कोणामुळे? नवऱ्यामुळे. रघुनाथ भला माणूस आहे, यात वादच नाही. पण तो गेल्याबरोबर यमूजवळचं सगळं एका दिवसात जातं, अगदी डोक्यावरचे केससुद्धा. वाचक रडतो, आणि रडलंच पाहिजे. आम्ही मात्र वर्गात इतकी वर्षं या कादंबरीला 'रूढींचा बळी' एवढंच नाव देत राहिलो. त्यात आणखी एक गोष्ट आहे, ती सांगितली नाही: जे स्वातंत्र्य दुसऱ्याच्या चांगुलपणावर उभं असतं, ते त्या माणसाच्या आयुष्याइतकंच टिकतं. ते उसनं असतं.

मग १९३७ चा 'कुंकू'. नारायण हरी आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा प्रभातचा चित्रपट, दिग्दर्शक शांताराम. शांता आपटे यांची नीरा फसवून म्हाताऱ्या वकिलाच्या गळ्यात बांधली जाते. नीरा घर सोडत नाही, हे लक्षात घ्या. ती त्याच घरात राहते आणि तिथेच 'नाही' म्हणते. रोज म्हणते. नातं मान्य नाही म्हणजे नाही. आमच्या मते मराठी पडद्यावरचा हा फार मोठा क्षण आहे, कारण इथे बाईचा नकार घराच्या आत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत उभा राहतो. पण पुढे काय होतं? शेवटी काकासाहेबांना स्वतःची चूक उमगते आणि ते जीव देतात. म्हणजे नीरेची सुटका पुन्हा एका पुरुषाच्याच हातून, त्याच्या मरणाने झाली. घराच्या आत राहून 'नाही' म्हणणाऱ्या बाईचं पुढे काय करायचं, ते कथेला ठाऊक नव्हतं.

आणि १९८२ ची सुलभा. शांता निसळ यांची 'बेघर' ही मूळ कादंबरी, पटकथा तेंडुलकरांची, भूमिका स्मिता पाटील यांची. सुलभा शिकते, महिलाश्रमाची अधीक्षक होते, तिथली घाण उपसायला जाते, हरते, घरी परतते. घरी तिची जागा राहिलेली नसते, म्हणून पुन्हा निघते. हा चित्रपट खरा आहे, धीट आहे. रोह्याला आम्ही त्याची स्तुती केली, ती परत घेत नाही. पण त्यात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला काम, यातलं एक निवडा. त्या मुलीने नेमकं या गृहीतालाच हात घातला. तिचं म्हणणं, निवड माझ्यावर का? नोकरी करणाऱ्या माझ्या भावाला कोणी म्हणतं का, की स्वतंत्र व्हायचं असेल तर घर सोड?

बरोबर आहे तिचं. आगरकरांनी १८८८ मध्ये 'सुधारक' काढला, तेव्हापासून आपण स्त्रीने शिकावं की नाही यावर भांडलो. ते भांडण संपलं. आज पेणच्या नि रोह्याच्या कॉलेजात जाऊन बघा, मुली बाकं भरून बसलेल्या आहेत. वडखळ, नागोठणं, कोलाड, कुठल्याही एसटी थांब्यावर सकाळी उभे राहा. पाठीला सॅक लावलेल्या मुली दिसतात. शिकू द्यायचं हे गावाने कबूल केलं. पण शिकून आलेल्या मुलीने घरात काय म्हणून राहायचं, हे कबूल व्हायचं आहे. ते पूर्वीचंच चाललं आहे.

यासाठी आम्हाला एक पुस्तक फार उपयोगी पडलं. ते आहे ऊर्मिला पवार यांचं 'आयदान'. ग्रंथालीने २००३ साली काढलं. लेखिका आपल्या कोकणातल्याच, रत्नागिरीजवळच्या फणसवळे गावच्या. दलित स्त्रीचं आत्मकथन म्हणून या पुस्तकाचा खूप गौरव झाला, आणि तो योग्यच आहे. पण गौरव करताना आपण कधी कधी पुस्तक एका कपाटात ठेवून देतो. 'दलित आत्मकथन' असं लेबल लावलं की बाकीच्यांना वाटतं, हे आपल्याबद्दल नाही. ते आपल्याबद्दल आहे. कसं, ते सांगतो.

आयदान म्हणजे बांबूच्या सूप, रोवळी, टोपल्या अशा विणलेल्या वस्तू. वडील शिक्षक होते, ते लवकर गेले. आईने आयदानं विणून मुलांना शिकवलं. लहान ऊर्मिला ती आयदानं पोचवायला गावातल्या वरच्या जातींच्या घरी जायची. ती माणसं टोपलीवर पाणी शिंपडून मग ती आत घेत, आणि पैसे वरून तिच्या हातात टाकत. हा प्रसंग वाचताना आम्ही पहिल्या वेळी लेखिकेच्या बाजूने वाचला. वाईट वाटलं. दुसऱ्या वेळी वाचताना लक्षात आलं की आमच्या घराला ओटी होती. पायरीही होती. त्या पायरीखाली टोपल्या घेऊन कोण उभं राहायचं, ते आम्हाला आठवतं. पैसे कसे दिले जायचे, तेही आठवतं. म्हणजे या पुस्तकात आम्ही आहोत, फक्त पायरीच्या वरच्या बाजूला आहोत. हे मान्य केल्याशिवाय 'आयदान'बद्दल बोलायचा अधिकार आम्हाला नाही असं वाटतं.

आता मूळ मुद्दा. ऊर्मिला शिकली, सरकारी नोकरीला लागली. लग्न स्वतःच्या पसंतीने केलं. रूढ फूटपट्टीने पाहिलं, तर इथे गोष्ट संपायला हवी: शिकली, कमावती झाली, मनासारखा नवरा मिळाला, मुंबई मिळाली. पण 'आयदान'मधला खरा झगडा इथून पुढे सुरू होतो. आणि तो मोठमोठ्या प्रसंगांत नाही, अगदी बारीकसारीक गोष्टींत आहे.

पहिली गोष्ट पगार. लग्नाआधी पगार आईच्या हातात जायचा, लग्नानंतर नवऱ्याच्या हातात जाऊ लागला. मधे तो तिच्या हातात किती वेळ राहिला? व्हर्जिनिया वुल्फ १९२९ मध्ये म्हणाली की लिहिणाऱ्या बाईला स्वतःची खोली आणि वर्षाला पाचशे पौंड हवेत. आपल्याकडे खोलीची चर्चा झाली, पौंडांची फारशी झाली नाही. कमावणं आणि कमाईवर हक्क असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. धाटावला नोकरी करणाऱ्या मुलीच्या बँकेचं एटीएम कार्ड कोणाच्या खिशात आहे, हा तत्त्वज्ञानाचा प्रश्न आहे, मंडळी. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

दुसरी गोष्ट वेळ. नोकरी, मुलं, संसार सांभाळून लेखिका एम.ए. करते, लिहिते, चळवळीत जाते, मीनाक्षी मून यांच्याबरोबर गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या बायकांचा इतिहास गोळा करते. त्यातूनच १९८९ चं 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. पण घराचं म्हणणं साधारण असं, की कर, काय करायचं ते कर, पण आधी घरचं सगळं उरकून कर. वरवर पाहिलं तर ही परवानगीच आहे. पण दिवसाचे तास चोवीसच असतात. घरचं 'सगळं' कधी उरकतं का? बंदी घालायची गरजच पडत नाही, उरलेला वेळ शून्य ठेवला की काम होतं.

तिसरी गोष्ट ओळख. बायको लिहू लागली, लोक तिला नावाने ओळखू लागले, आणि घरात अवघडलेपण आलं. हरिश्चंद्र पवारांना लेखिकेने खलनायक केलेलं नाही, हा या पुस्तकाचा फार मोठा गुण आहे. तो प्रेम करणारा माणूस आहे, आणि तरीही त्याला बायकोचं मोठं होणं पेलत नाही. खलनायक असता तर गोष्ट सोपी झाली असती. आपल्या बहुतेक घरांत खलनायक नसतो. प्रेमळ माणसं असतात, आणि त्या प्रेमाच्या अटी असतात.

कोणी म्हणेल, सर, ऊर्मिलाताईही गाव सोडून मुंबईला गेल्याच की. मग दाराची फूटपट्टी खोटी कशी? आमचं उत्तर असं आहे. त्या मुंबईला गेल्या, पण पगार, वेळ आणि ओळख हे तिन्ही प्रश्न त्यांच्याबरोबर मुंबईला गेले. दार ओलांडून ते सुटले नाहीत. याचा अर्थ ते दारात नव्हतेच. आणि दारात नसतील, तर गावात राहून सोडवायलाही हरकत नाही. अवघड आहे, पण हरकत नाही. मारहाण होत असेल, जिवाला धोका असेल, तर दार हेच उत्तर आहे, तिथे दुसरा विचार करू नये. आम्ही बोलतोय ते बाकीच्या घरांबद्दल.

आता चौथी गोष्ट. 'आयदान'मध्ये तिला वाव नाही, कारण ती ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांच्या घरातली आहे. ती आमच्या घरातली आहे.

आमची जमीन रोह्याच्या बाजूला. जिल्हा तेव्हा कुलाबा होता, १९८१ पासून रायगड झाला. आमची बहीण आमच्याहून पाच वर्षांनी लहान. वडिलांनी तिला शिकवलं, ती शिक्षिका झाली, गावातल्या तिच्या पिढीतली पहिली. वडील १९८७ साली गेले. तेराव्यानंतर वारसनोंदीचं निघालं. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीलाही वाटा होता, हे आम्हाला माहीत होतं. तिलाही असणार. पण गावात रीत काय? बहिणीने हक्कसोडपत्र करून द्यायचं, भावाने साडी घ्यायची, भाऊबीज चालू ठेवायची. कागद तयार करून आणला, तिच्यापुढे ठेवला, कुठे सही करायची ते बोटाने दाखवलं. तिने केली. फेरफार झाला, सातबाऱ्यावर आम्हा भावांची नावं लागली. पुढच्याच आठवड्यात आम्ही वर्गात कांटची स्वायत्तता शिकवली. माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असं फळ्यावर लिहिलं.

पुष्कळ वर्षांनी त्यातला एक तुकडा विकला. बऱ्यापैकी पैसे आले. तेव्हा आम्ही तिला म्हणालो, तुझा हिस्सा देतो. ती हसली. म्हणाली, "दादा, तेव्हा तू विचारलं असतंस तर मी सही केलीच असती. पण तू विचारलंच नाहीस." पैसे तिने घेतले नाहीत.

मित्रहो, या वाक्याने आमचं जेवढं शिक्षण केलं तेवढं पुस्तकांनी केलं नाही. आम्ही समजत होतो की अन्याय जमिनीत आहे. तो होताच. पण तिच्या दृष्टीने मोठा अन्याय असा, की ती शिकलेली, कमावती, विचार करणारी बाई समोर बसली असताना तिचं उत्तर गृहीत धरलं गेलं. मिलने म्हटलं आहे की पुरुषांना बायकांची नुसती आज्ञाधारकता पुरत नाही, त्यांचं मनही हवं असतं. आम्हाला सही हवी होती, आणि ती राजीखुशीने दिली असं वाटायलाही हवं होतं. म्हणून विचारलं नाही. विचारलं असतं, तर तिला 'नाही' म्हणता आलं असतं. जिथे 'नाही' म्हणायची सोय नाही, तिथल्या 'हो'ला संमती म्हणता येत नाही.

कायदा पुढे गेला आहे. महाराष्ट्राने १९९४ मध्ये, आणि मग केंद्राने ९ सप्टेंबर २००५ पासून, मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत जन्माने मुलाइतकाच हक्क दिला. त्या दिवशी वडील हयात असलेच पाहिजेत असं नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात स्पष्ट केलं. त्याच्याही आधी, १९८६ च्या चांदवड अधिवेशनाच्या पाठोपाठ, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने 'लक्ष्मीमुक्ती' चालवली आणि शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं. ते नवऱ्यांनी ऐकलं, काही गावांत तरी. भावांसाठी अशी चळवळ कोणी केली नाही. आणि हक्कसोडपत्रं अजून चालू आहेत. कायद्याने हक्क दिला की तो सोडून द्यायचा कागदही लगेच तयार असतो.

तुम्ही पेणकर आहात, म्हणून एक आठवण. २१ सप्टेंबर २००८ ला या तालुक्यात महामुंबई सेझसाठी जनमत घेतलं गेलं. हेटवण्याच्या पाण्याखाली येणारी बावीस गावं. शेतकऱ्याला विचारून मग काय ते ठरवा, ही मागणी लढून मिळवली होती, आणि आपल्याला तिचा अभिमान आहे. त्या लढ्यात बायका किती होत्या, ते तुम्ही पाहिलं आहे. पण प्रश्न विचारला गेला तो खातेदाराला. सातबाऱ्यावर ज्याचं नाव, त्याला विचारणार. मग जिने लावणी केली, जी मोर्च्यात चालली, पण जिने कधीतरी भावाच्या कागदावर सही करून दिली किंवा जिचं नाव सासरी लागलंच नाही, तिला कोण विचारणार? सरकारने आपल्याला न विचारता जमीन घेऊ नये असं आपण म्हटलं. बरोबर म्हटलं. तेच घरात म्हणायला हवं होतं.

तर त्या मुलीला आमचं उत्तर असं. बाळ, तू घर सोडलंस का, यावर तुझं स्वातंत्र्य ठरत नाही. चार गोष्टी बघ. तुझा पगार कोणाच्या हातात आहे? काम उरकल्यावर उरतो तो वेळ नव्हे, तर आधीच बाजूला काढलेला तुझा वेळ आहे का? घरात तुला तुझ्या नावाने आणि कामाने ओळखतात का? आणि ज्या निर्णयात तुझा वाटा आहे, त्यात विचारतात का, आणि 'नाही' म्हटलंस तर जेवणाचं ताट तितक्याच मायेने समोर येतं का? चारींची उत्तरं एकदम 'हो' येणार नाहीत. एक एक मिळवावी लागतील. ती मिळवताना तू घरात आहेस म्हणून तुला कोणी कमी लेखलं, मग ते आमच्यासारखे समीक्षक का असेनात, तर ऐकू नकोस. आणि मिळवून थकलीस, जायचं ठरवलंस, तर तेही तुझंच. त्याला हार म्हणू नये.

हे सगळं त्या मुलीनेच करायचं का? नाही. सभागृहात भाऊ बसले आहेत, बाप बसले आहेत. नीरेची सुटका काकासाहेबांच्या मरणाने झाली. आपल्याला मरायची गरज नाही, जिवंतपणी विचारलं तरी पुरे. कागद बहिणीपुढे ठेवण्याआधी तिला विचारा, आणि ती 'नाही' म्हणेल याची तयारी ठेवून विचारा. आम्ही ते केलं नाही, आणि आता ते करायची वेळ निघून गेली. तुमच्याकडे आहे.

इतकंच.  प्रश्न असतील तर जरूर विचारा. मुलींनी आधी विचारावेत.